गाडी आधी, बाळ नंतर

ते साल होते एकोणीसशे अडुसष्ट. मित्रांनो, तेव्हाही मी नवी नव्हते. माझ्या छताचे कापड बदलून झाले होते, चार चाकांतले एक चाक दुसऱ्याच कुठल्या गाडीचे होते आणि ब्रेक केवळ नावाला उरला होता. उतारावर मला कुणीतरी धरूनच ठेवावे लागे. मी बाबागाडी आहे. आता तर छतही गेले, स्प्रिंगा बसल्या, आणि कुणी मला जरा हलवले तर बाळाआधी मीच रडू लागते. पण म्हातारपणी कालचे आठवत नाही आणि फार मागचे लख्ख दिसते, तसे माझे झाले आहे. म्हणून त्या सालाची गोष्ट सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझी टोपली विणणारा म्हातारा कारागीर वेत पाण्यात भिजत घाली आणि विणताना त्याच्याशी बोले, "वाक की रे बाबा, तुला काय जातंय!" माझ्या पहिल्या घरी मोठी बाग होती, बाळाला सांभाळायला आया होती. लोक आधी मला बघत, "काय सुंदर गाडी!" म्हणत, आणि मग आत बाळ आहे हे त्यांच्या ध्यानात येई. त्या घरची मुले पळू लागली आणि मी माळ्यावर गेले. माळ्यावर वर्षे नसतात, नुसती धूळ असते. शेवटी त्या घरच्या बाईंनी मला शिशुगृहात पाठवून दिले. ज्या तान्ह्या बाळांना घर नाही, त्यांना घर मिळेपर्यंत तिथे सांभाळत. माझी खरी नोकरी तिथून सुरू झाली.

शिशुगृहाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या बुटक्या होत्या, पण त्यांचा आवाज मोठा होता. त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. बाळ दत्तक घ्यायचे ठरले की लोक आनंदाच्या भरात दुकानात धावत. पाळणा नवा, गाडी नवी, झबली डझनांनी. आणि महिन्याभरात दुधाच्या डब्याला पैसे उरत नसत. म्हणून त्यांनी रीत पाडली : गाडी आधी, बाळ नंतर. कोर्टाचे काम सुरू झाले की मला त्या घरी धाडायचे. मी रिकामीच दारात उभी राहिले की लोकांचे दुकानाकडे वळणारे पाय थांबत. माझे भाडे नसे. मात्र परत पाठवताना माझ्यातली एक मोडकी गोष्ट नीट करून द्यायची. सुताराने दांडा बदलला, चांभाराने पट्टा शिवला. बँडमध्ये बाजा वाजवणाऱ्या एका बापाला यातले काही येत नव्हते; त्याने माझ्या दांड्याला एक घंटी बांधून दिली. ती दुरुस्ती नव्हे, हे मोठ्या बाईंना कळत होते. त्यांनी चालवून घेतले.

अडुसष्ट साली मी एका कुलुपवाल्याच्या घरी गेले. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याचे खोक्याएवढे दुकान होते आणि त्यात चावी कापायचे एक मशीन होते. त्या मशीनवरच घर चाले. त्याची बायको लाँड्रीत इस्त्री करी. शेजारीपाजारी तिला वहिनी म्हणत. खोली दुसऱ्या मजल्यावर, एकच, पण स्वच्छ. मला वर चढवताना कुलुपवाल्याने पुढचा भाग उचलला, वहिनींनी मागचा, आणि जिन्याच्या वळणावर दोघेही मला हातात धरून थांबले.

"रिकामी असून इतकी जड," तो म्हणाला.

"भरली की हलकी होईल," वहिनी म्हणाल्या.

शिशुगृहातली चार महिन्यांची एक मुलगी त्यांनी पाहिली होती. पाहिली म्हणजे वहिनींनी मांडीवर घेतली आणि मग परत द्यायला तयारच झाल्या नाहीत. कोर्टाचे कागद गेले होते. आता पाहणीच्या बाई घर बघायला येणार होत्या. घर पसंत पडले तर मुलगी त्यांची. नाही पडले तर रांगेत पुढचे घर होतेच.

दुसऱ्या दिवशी कुलुपवाल्याची थोरली बहीण आली. तो तिला आक्का म्हणे. आक्काची जीभ फार धारदार होती. तिने उंबऱ्यातूनच मला न्याहाळले.

"हे काय? दहा घरच्या पोरांनी ओली केलेली गाडी?"

"शिशुगृहाची आहे, वन्सं. त्यांची तशी रीत आहे," वहिनी म्हणाल्या.

"रीत त्यांची, नाक आपलं जातंय! अगं, पाहणीची बाई येणार. घरात काय आहे तुझ्या? एक खाट, एक स्टूल आणि हा माझा भाऊ. साऱ्या गावाची कुलुपं उघडतो, पण नशिबाला कुठली चावी लावायची ते याला कळत नाही!"

कुलुपवाला हसला. बहिणीच्या बोलण्याला हसणे ही त्याची लहानपणापासूनची सवय असावी.

आक्का त्याच संध्याकाळी एका गृहस्थांना घेऊन आली. उकाड्यातही त्यांच्या अंगात कोट होता. हे कोटवाले दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसत आणि घाबरलेल्या लोकांची कामे करून देत. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि हळहळल्यासारखा आवाज केला.

"घर लहान आहे हो. असल्या घरांना नाही म्हणतात. पण होईल. वरचा खर्च करावा लागेल."

"वरचा म्हणजे?" कुलुपवाल्याने विचारले.

"वरचा म्हणजे वरचा. सगळंच काय उघडं करून सांगायचं? तुम्ही कुलुपाच्या धंद्यातले, तुम्हाला कळायला हवं."

त्यांनी सांगितलेली रक्कम चावी कापायच्या मशीनच्या किमतीएवढी होती. मला वाटते, दुकानावरून येताना त्यांनी ते मशीन पाहूनच आकडा ठरवला असावा. काही पैसे त्यांनी विसार म्हणून तेव्हाच घेतले. पावती दिली नाही.

ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, मोठ्या बाईंनी खर्चाचं काहीतरी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. पण तेव्हा बाळ तुझ्या मांडीवर होतं. मला एक अक्षर आठवत नाही. तुला?"

वहिनींनाही आठवत नव्हते. परत जाऊन विचारावे तर लाज वाटे. पैशांचे विचारले तर हे गरीब आहेत असे वाटेल, बाळ देणार नाहीत, अशी दोघांना भीती. विचारायचे तेवढेच विचारले नाही, मित्रांनो, आणि घरातले कमावते मशीन विकायला काढले. शनिवारी गिऱ्हाईक येणार होते. पाहणी शुक्रवारी होती.

शुक्रवारी सकाळी आक्का पदर खोचून कामाला लागली. तिच्या मते घर भरलेले दिसले की निम्मे काम होते. सगळ्या मजल्यावरून सामान आले. समोरच्यांचा सोफा आला, कोपऱ्यातल्या शिक्षिकाबाईंचे काचेचे कपाट आले, पलीकडच्यांची सतरंजी, कुणाचे घड्याळ, कुणाची पितळी फुलदाणी. शेजारच्या आजोबांची आरामखुर्ची आजोबांना उठवून आणली. आजोबांना ऐकू येत नसे, त्यामुळे त्यांना कारण सांगण्यात कुणी वेळ घालवला नाही. आता एवढे सामान आत आल्यावर घरचे सामान कुठे ठेवायचे? ते माझ्यात आले. पातेली, पोळपाट, चपला, कांदे, आणि बाळासाठी वहिनींनी जुन्या मऊ साडीची शिवलेली दुपटी. वर चादर टाकून मला बाहेर, दाराला लागून उभे केले. त्या दिवशी त्यांचे खरे घर माझ्या पोटात होते आणि आतल्या खोलीत साऱ्या मजल्याचे प्रदर्शन होते.

पाहणीच्या बाई आल्या त्या आपल्या दुखऱ्या पायांशी बोलत आल्या. जिना चढताना दोनदा थांबल्या. त्यांच्या चपलेचा अंगठा शिवलेला होता. दिवसभर घरे बघत हिंडणाऱ्या बाई त्या, माझ्यासारख्याच दमलेल्या. आत शिरल्या आणि बसायला जागा शोधू लागल्या. सामान एवढे होते की सोफ्यापर्यंत पोहोचायला आडवे चालावे लागले.

"बसा ना, घर आपलंच आहे," आक्का म्हणाली.

तेवढ्यात आजोबा आले. रोजच्या वेळेला ते आपल्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत. खुर्ची दिसली, तिच्यात बसले, पत्र उघडले आणि वाचू लागले.

"हे कोण?" बाईंनी विचारले.

"हे... आमचे..." कुलुपवाला अडखळला.

"मामा!" आक्का म्हणाली.

"तुमचे मामा?"

"चुलतमामा!"

आजोबांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिले. "चहा नको," ते म्हणाले आणि पान उलटले.

बाई हसू दाबून वहीत काहीतरी लिहू लागल्या. वहिनींनी लगबगीने पाणी आणले, तर आक्काने डोळ्यांनी दटावले : कपाटातल्या कपबशा काढ! वहिनी कपाटाशी गेल्या. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली शिक्षिकाबाईंच्या पर्समध्ये, त्यांच्याबरोबर शाळेत गेली होती. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले. आता मित्रांनो, दुसरे कुणी असते तर त्याने "किल्ली सापडत नाही" म्हणून वेळ मारून नेली असती. पण कुलूप समोर आले की याचा हात आपोआप खिशात जाई. त्याने खिशातून तार काढली, वाकवली, आत घातली आणि कपाट उघडून मोठ्या अभिमानाने बाजूला झाला.



"बारा वर्षं घरं बघतेय," पाहणीच्या बाई म्हणाल्या, "पण स्वतःच्या घरातलं कपाट तारेनं उघडणारा माणूस आज पाहिला."

कुलुपवाल्याचा चेहरा उतरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंनी वही मिटली. "बरं, मला एवढंच सांगा. बाळ झोपणार कुठे?"

सगळ्यांनी खोलीभर पाहिले. सोफा होता, कपाट होते, खुर्ची होती, खुर्चीत आजोबा होते. दुपटे अंथरायला हातभर जमीन उरली नव्हती. आणि वहिनींना हसू आले. हसता हसता त्या रडू लागल्या, आणि मग सगळे भडाभडा बाहेर पडले : सोफा कुणाचा, सतरंजी कुणाची, कोटवाले काय म्हणाले, आणि उद्या मशीन विकायचे आहे ते.

मशीनचे ऐकल्यावर बाई उठून उभ्या राहिल्या. "विकलंत?"

"उद्या," कुलुपवाला म्हणाला.

"विकलंत तर मी ‘नाही’ असं लिहीन. स्पष्ट सांगते. पोट भरायचं साधन विकून ज्या घरात बाळ आणतात, त्या घरात बाळाला मी कुठल्या तोंडानं ठेवू? तुम्ही काय खाणार आणि ते काय पिणार?"

"पण कोटवाले म्हणाले, वरचा खर्च..."

"वर कुणी बसलेलं नाही हो. वर गच्ची आहे!" मग त्या जरा शांत झाल्या. सोफ्याच्या कडेला बसून त्यांनी सावकाश सांगितले. शिशुगृहाला दूध-औषधाचा ठरलेला खर्च द्यायचा, आणि तो हप्त्याने चालतो. बाळाची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. शिशुगृहाचे वकील चार घरांचे अर्ज एकाच दिवशी कोर्टात उभे करतात, म्हणजे फी चौघांत वाटली जाते. कोर्टाचे शुल्क किरकोळ असते. आणि प्रत्येक पैशाची पावती मिळते. "बाळाला किंमत नसते. खर्च असतो, तो शिशुगृहाच्या भिंतीवर लिहिलेला आहे. जो तुम्हाला पावती देत नाही, तो बाळाचं काम करत नाही, स्वतःचं करतो."

"मग आमचं घर पसंत?" वहिनींनी विचारले.

"मी तुमचं घर बघितलंच कुठे? मी तुमच्या शेजाऱ्यांचं बघितलं. घर बघायला पुढच्या आठवड्यात येईन." दारातून बाहेर पडताना त्यांनी माझ्यावरची चादर उचलून पाहिले. पातेली, कांदे, दुपटी. त्यांनी एक दुपटे हातात घेऊन शिवण उलटीसुलटी पाहिली आणि परत घडी करून ठेवले.

तो आठवडा फार लांब गेला. मशीन विकले नाही, गिऱ्हाईक चिडून गेले. पण बाईंनी ‘नाही’ असे लिहिले असेल तर? खोटेपणा केला म्हणून? वहिनी संध्याकाळी लाँड्रीतून आल्या की माझ्यापाशी येऊन उभ्या राहत, दांडा धरून मला जरा पुढे ढकलत, जरा मागे घेत. रिकाम्या गाडीला झोपवायचे काम होते ते.

आक्का मात्र तिसऱ्या दिवशी परत आली तेव्हा घामाने भिजली होती. ती कोर्टाच्या व्हरांड्यात गेली होती. तिथे भर गर्दीत तिने कोटवाल्यांना विसार मागितला. ते म्हणाले, कसला विसार? त्यावर आक्का त्यांच्या बाकावर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आपली हकिगत पहिल्यापासून सांगू लागली.

"निम्मे मिळाले," तिने पैसे भावाच्या हातावर ठेवले. "निम्मे त्याने खाल्ले असतील. त्याला पचू नयेत."

"आक्का, तू एकटी गेलीस?"

"मग काय वरात न्यायची? मीच आणला होता ना त्या मेल्याला." आणि तिने पदराने तोंड पुसले, बराच वेळ पुसले.

दुसऱ्या पाहणीला खोलीत एक खाट, एक स्टूल आणि मी होते. पाहणीच्या बाई खाली जमिनीवर बसल्या, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "हां, आता बरं वाटलं." खिडकीतून ऊन कुठवर येते ते त्यांनी विचारले. पाणी कधी येते, वहिनी कामावर गेल्यावर बाळाजवळ कोण, तेही विचारले.

"मी," आक्का म्हणाली. तिला कुणी विचारले नव्हते.

कोर्टाचा निकाल लागला त्या दिवशी ते तिघे मला घेऊन शिशुगृहात आले. रिक्षा-टॅक्सी काही केली नाही. तेवढ्या पैशांत दुधाचा डबा येतो, असा हिशेब. मुलगी माझ्यात ठेवली. मित्रांनो, मला तिचे वजन अजून आठवते. कांद्यांपेक्षा ती हलकी होती. येताना बाजाराचा रस्ता होता, मग पुलाचा चढ, मग उतार. उतारावर कुलुपवाला पुढे झाला आणि माझ्याकडे तोंड करून, मला दोन्ही हातांनी थोपवत, उलटा चालत गेला. माझा ब्रेक लागत नव्हता ना. लोक हसत होते. मुलगी झोपली होती. आक्का मागून ओरडत होती, "हळू! माझी भाची आहे त्यात!"

ती चालू लागली तेव्हा मला परत पाठवायची वेळ आली, आणि कुलुपवाल्याने नवा ब्रेक बसवून दिला. तसा ब्रेक मला कारखान्यातही मिळाला नव्हता. त्यानंतर मी पुष्कळ घरे हिंडले. शिंप्याकडे, परिचारिकेकडे, नळ दुरुस्त करणाऱ्याकडे. सगळ्यांना मी थकलेलीच भेटले आणि सगळ्यांनी मला थोडे थोडे नीट केले.

मग घडी घालता येणाऱ्या हलक्या गाड्या आल्या. मोठ्या बाई गेल्या आणि नवीन लोकांना जुनी गाडी घरी धाडणे कमीपणाचे वाटू लागले. भिंतीवरचा खर्चाचा फलक रंगकामात उतरवला, तो परत लागलाच नाही. लोक पुन्हा दुकानात आधी जाऊ लागले. मला कार्यालयामागच्या अडगळीच्या खोलीत ठेवले. इथे ओल आहे. वेत तुटतो तेव्हा आवाज होतो, पण तो कुणाला ऐकू जाईल एवढा नसतो.

मला आता काही नको, मित्रांनो. चाके नकोत, छत नको. तुमच्या घरात तुमचा पाळणा, तुमची दुपटी, तुमची गाडी पडून असेल, तर तेवढी पुढच्या बाळाकडे जाऊ द्या. ती माळ्यावर नेऊ नका. आणि तुम्ही मोठे झाल्यावर कुणी तुमच्याजवळ म्हणाले की आम्हाला बाळ आणायचे आहे पण परवडणार नाही, तर त्यांना हाताला धरून नीट विचारायला घेऊन जा. लाजू नका. लाजेपायी एका घरातले मशीन जाता जाता राहिले.

मोठ्या बाई कामावर असतानाच वारल्या. पाहणीच्या बाईंनी पुढे गुडघ्यांमुळे जिने सोडले. शेवटची वर्षे त्या कार्यालयात बसून फोन घेत. कोटवाल्यांना व्हरांड्यातून उठवले, असे ऐकले. ते दुसऱ्या व्हरांड्यात जाऊन बसले असतील. आजोबा त्याच आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचता वाचता गेले, आणि बराच वेळ कुणाच्या लक्षातही आले नाही. आक्काने ती मुलगी सांभाळली, मग त्या मुलीने आक्काला सांभाळले. आक्का शेवटपर्यंत तिला रागावत होती. कुलुपवाल्याची नजर अधू झाली, पण हाताने चाचपून तो चाव्या कापत राहिला. वहिनी आहेत. एकदा शिशुगृहात आल्या होत्या, काठी घेऊन. मी भिंतीपलीकडे होते, त्यांना ठाऊक नव्हते. मुलगी दातांची डॉक्टर झाली आहे आणि तिच्याकडे पावती मागावी लागत नाही.

आणि परवा एक जोडपे आले होते. तरुण होती दोघे. माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहून बोटांवर काहीतरी मोजत होती. ती म्हणाली, "विचारूया का एकदा, खर्च कमी होतो का?" तो म्हणाला, "कसं विचारायचं? काय म्हणतील?" मग "पुढच्या वर्षी बघू" असे म्हणत ती दोघे जिना उतरून गेली. सगळ्यांचे पुढे काय झाले ते मी सांगितले. या दोघांचे मला माहीत नाही.